सत्तारचाचांचा मेंबर

सत्तारचाचांची ओळख झाली तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. मंगरूळपीरला बदली होऊन आलो होतो आणि टेम्पोतून सामान उतरवत होतो. शेजारच्या ओट्यावर बसलेले पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ माझे पाय बराच वेळ न्याहाळत राहिले आणि म्हणाले, "शाळेतले नवे सर तुमीच ना? तुमचा मागचा उजवा जड पडून राह्यला."

मला मागचे-पुढचे असे वेगळे पाय नाहीत, हे मी नम्रपणे सांगितलं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. पंधरा दिवसांनी माझी उजवी टाच खरोखरच ठणकायला लागली, आणि तेव्हापासून आमच्या घरात डॉक्टरांपेक्षा चाचांचा शब्द मोठा झाला.

चाचा नालबंद. बैलांच्या खुरांना नाल ठोकण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले; आता पोळ्याच्या आधी चार-दोन जोड्या येतात, एरवी हातोडी पोत्यात. नजर मात्र रिटायर व्हायला तयार नाही. गल्लीतल्या एका मुलीला पाहायला मंडळी आली तेव्हा सगळ्यांनी मुलाचा पगार विचारला. चाचा म्हणाले, "पाय पाहा, बाकी सोडा. पोरगं सारं वजन एकाच पायावर टाकते. कामाले कच्चं निंघन." लग्न झालं, आणि जावईबापू वर्षभरात सासऱ्याकडेच राहायला आले. चाचांनी कधी बोलून दाखवलं नाही. तो समोरून गेला की फक्त खाली बघतात.

मेंबर हा त्यांचा कुत्रा. बारा-तेरा वर्षांपूर्वी अनसिंगकडच्या एका बैलजोडीमागे चालत आला. नाल ठोकण्याआधी खूर तासतात, आणि त्या तासलेल्या तुकड्यांवर कुत्र्यांचा भारी जीव. जोडी परत गेली, हा तुकडे चघळत बसला तो बसलाच. चार माणसं जमली की मधोमध जाऊन बसायचा, म्हणून मेंबर. त्याचा मुक्काम ओट्यावर. त्याला हात लावायचा तर चाचांचा एक सदरा, नमाजाला दुसरा. दिवसातून पाच वेळा ही अदलाबदल चालते. मुलगा पुण्याहून फोन करून बोलावतो, तर चाचा म्हणतात, "येतो ना बापा, पन मेंबरले सुट्टी नाई."

गेल्या हिवाळ्यात मेंबरचे मागचे पाय लुळे पडायला लागले. आधी झोकांड्या, मग फरफट. सिमेंटच्या रस्त्यावर नखं घासून रक्त येऊ लागलं. चाचांनी सायकलची जुनी ट्यूब आणली, माप घेतलं आणि दुपारभर खपून बूट शिवले. संध्याकाळी मोजतात तर दोन पायांना चार बूट. बैलाचा खूर मधून चिरलेला, त्यामुळे एका पायाला दोन नाल लागतात. जन्मभराची सवय, हात आपसूक चालले होते. आम्ही हसलो तर म्हणाले, "हसा. दोन धुवाले टाकले का दोन घालाले होतात."

नंतर त्यांनी पोत्याची झोळी केली. ती मेंबरच्या पोटाखालून घालायची, दोन्ही टोकं वर धरायची आणि मागचा भार आपण उचलायचा. पुढचे दोन पाय मेंबरचे, मागचे दोन चाचांचे, अशी ती स्वारी सकाळ-संध्याकाळ दर्ग्याच्या वळणापर्यंत जाऊन यायची. चाचा मागून हळूच "हो... हो..." करायचे, बैलाला करतात तसं.

गेल्या आठवड्यात जनावरांचे डॉक्टर मला रस्त्यात भेटले. म्हणाले, "सर, पाठीचा कणाच गेलाय. आता तो बसूनच राहणार, दुखणंही वाढेल. एका इंजेक्शनात शांतपणे सोडवता येतं. चाचांना मी कसं विचारू? तुमचं ते ऐकतात."

मी हो म्हणालो आणि चार दिवस टाळलं. पाचव्या दिवशी सकाळी गेलो. मेंबर गोधडीवर आडवा होता. झोळीत घालूनही आज उभा राहिला नव्हता. चाचा शेजारी बसून त्याच्या कानामागे खाजवत होते.

"सर, शेतकरी लंगडा बैल घेऊन येत माह्याकडं," ते म्हणाले. "इच्यारत, चाचा, हा उठंन का, का इकून टाकू? मी खूर हातात घेतला का सांगत होतो, इका. दोन मिन्टाचं काम. माह्या एका शब्दावर लय जनावरं गेले. तो मानूस घरी जाऊन जेवला का नाई, मी कधी इच्यार नाई केला." मग म्हणाले, "आता कोनी मले मेंबरचं इच्यारलं, तं मी काय सांगू?"

आपण काय विचारायला आलो आहोत, याची मला लाज वाटली.

"तुमी काई काम घेऊन आले होते का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग तिकडून धरा. एका कुशीवर राह्यला तं जखमा होतात."

मी झोळीचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही दोघांनी मेंबरला कूस बदलून दिली. एवढे दिवस चाचांना वाकून चालताना पाहत होतो, म्हणून मी चांगला जोर लावला होता. वजन काहीच नव्हतं.