समितीचा सांता

सर्वधर्मसमभावाचे संस्कार लहानपणीच झाले नाहीत, तर मूल पुढे स्वतःचाच धर्म पाळत बसण्याचा धोका असतो. हा धोका ओळखून सांगलीजवळच्या आमच्या इंग्रजी शाळेने ख्रिसमस सक्तीचा केला. (शाळेत ख्रिश्चन मूल एकही नाही. त्यामुळे कार्यक्रमात कुणाची लुडबूड होत नाही.)

यंदा पहिलीत एका ज्यू मोटारपंपवाल्याची मुलगी आली आणि उत्सव समितीला, जिचा मी सचिव आहे, आनंदाचं भरतं आलं. हिंदू नाही, जैन नाही, मुसलमान नाही. मग उरलं काय? समितीने तिला एकमताने सांता केलं. तिच्या वडिलांचा, सॅमसन आष्टमकरांचा, फ्लेक्सही चौकात लागला : 'ख्रिस्ती समाजाचे आधारस्तंभ'.

फ्लेक्स बघून आष्टमकर शाळेत आले.

"आवं सर, आमी ख्रिश्चन न्हाई. आमचा हनुक्का, दिव्यांचा सण, कार्यक्रमाच्याच दिवशी सुरू हुतोय. दिवस मावळला की पहिला दिवा लावायचा. यंदा पोरगी लावणार हाय, वरीसभर वाट बघतीया. तेवढी संध्याकाळची सुट्टी द्या."

समितीने सहानुभूतीपूर्वक विचार केला. दिवे लावायचे म्हणजे ती दिवाळी. ती होऊन गेली. डिसेंबरात येतो म्हणजे तो ख्रिसमस. तो शाळा करतेच आहे. एकाच मुलीला तिसरा सण देणं हा बाकीच्या पोरांवर अन्याय ठरेल. सबब, विनंती अमान्य. फ्लेक्सचं म्हणाल तर त्यात आष्टमकरांचा फोटो लय झकास आला होता, असं समितीचं मत पडलं.

कार्यक्रमाची वेळ पाचची. कार्यक्रमाचे अध्यक्ष वीरधवलदादा प्रथेप्रमाणे उशिरा निघाले. तोवर सांता मैदानातल्या स्टेजवर उभा : लाल झगा, डिंकाने चिकटवलेली कापसाची दाढी आणि समोर न पेटवलेली समई. उसाच्या फडामागे सूर्य बुडाला तेव्हा पोरीने वर्गशिक्षिका राजेश्वरीबाईंची साडी ओढली.

"बाई, दिवस मावळला. मी लावू?"

"तो मान पाव्हण्यांचा असतो, बाळा. दाढी नीट कर."

दादा आले, समई लावली. फोटो हललाय म्हणून विझवून पुन्हा लावली. सांता त्या वातीकडे बघून काहीतरी पुटपुटत होता. (ती तिची प्रार्थना होती, असं मागाहून कळलं. माईक आम्ही तत्परतेने बंद केला होता.) मग सांता रडायला लागला. डिंक सुटला, दाढी गळ्यात आली. दादांनी 'सर्व धर्मांचा आदर' या विषयावर तासभर मार्गदर्शन केलं. संपलं तेव्हा पोरगी बापाच्या खांद्यावर गाढ झोपली होती. आष्टमकर तिला तशीच घेऊन निघाले. घरी दिवा लागला की नाही, याची समितीकडे नोंद नाही.

उपक्रम यशस्वी झाला. प्रमाणपत्रावर तिचं नाव आम्ही 'एंजल' छापलं, म्हणायला सोपं जातं.

आमचा तुम्हाला राग आला असेल, तर येऊ द्या. पण तिचं खरं नाव अवीगाईल. इथवर आमच्या नावाने बोटं मोडत वाचलंत, तेवढं विचारायचं मात्र तुमच्याही डोक्यात आलं नाही. समितीत एक जागा रिकामी आहे.