मुहूर्तावर लागलेलं लग्न

औरादच्या वीरभद्रप्पांच्या मंगल कार्यालयातला कॉम्प्युटर ऐन लग्नाच्या सकाळी बंद पडला, आणि प्रतीक्षाला अत्यानंद झाला.

तिने पायथनमध्ये लग्नासाठी एक प्रोग्राम लिहिला होता. मोठ्या पडद्यावर नवरा-नवरीची नावं, मुहूर्ताला किती वेळ उरला त्याचे आकडे, आणि मुहूर्त आला की स्पीकरवर आपोआप मंगलाष्टकं. गुरुजींचा घसा हल्ली बसायचा, म्हणून त्यांच्याच आवाजात ती भरून घेतलेली. पण तिचा खरा जीव होता आतल्या छोट्या छोट्या फंक्शन्सवर, म्हणजे एकेक काम करणाऱ्या तुकड्यांवर. एक आवाज वाजवणारं, एक खिडकी पडदाभर करणारं, एक कॉम्प्युटरला झोपू न देणारं. कॉम्प्युटर विंडोजचा असो, लिनक्सचा असो, फंक्शन त्याच्या कलाने घेणार आणि काम करून देणार. आज ते सिद्ध करायची संधी आयती चालून आली होती.

आणि ते सिद्ध होणं गरजेचं होतं. वीरभद्रप्पांना पसंत पडलं तर प्रोग्राम कार्यालयात कायमचा लागणार होता आणि वडील, आप्पाराव, तिला याच कामात राहू देणार होते. नाहीतर मुकाट्याने बी.एड.

नवरीच्या मामांनी बेंगळुरूहून आणलेला ॲपलचा मॅक लॅपटॉप पुढे केला. प्रोग्राम पहिल्या फटक्यात सुरू झाला. प्रतीक्षा जवळजवळ नाचलीच.

"आप्पा, बघा, कुठंबी चालतंय," ती वडिलांना म्हणाली.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली नव्हती. तिने प्रोग्रामला पत्रिकेवरचा मुहूर्त दिला होता, आणि पत्रिकेवरचा मुहूर्त म्हणजे औरादकडे नवरदेव मारुतीच्या देवळातून निघण्याची वेळ. मुहूर्त आला तेव्हा नवरदेव रविकुमारचा परण्या, म्हणजे देवळातून मांडवाकडे वाजतगाजत येणारी मिरवणूक, अजून बसस्टँडच्या कोपऱ्यावर होता. तो घोड्यावर, आणि मित्र बँडपुढे लोळून नाचत होते. इकडे स्पीकरवर मंगलाष्टकं सुरू झाली. मागच्या खोलीत चहा पिणाऱ्या गुरुजींनी स्वतःचा आवाज ऐकला आणि कप खाली ठेवला. नवरी पवित्रा अंतरपाटामागे येऊन उभी राहिली. पलीकडे कोणीच नव्हतं.

प्रतीक्षाने 'थांबवा'चं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं, आणि मग तिला आठवलं. थांबवण्याचं फंक्शन तिने विंडोजसाठी लिहिलं होतं, लिनक्ससाठी लिहिलं होतं. मॅकच्या जागी 'नंतर बघू' एवढंच टाकलं होतं. औरादला मॅक कोण आणणार?

"बंद कर की गं पोरी, नवरा आला न्हाई अजून," वीरभद्रप्पा धावत आले.

"करायलेय अण्णा. होईना."

तिने लॅपटॉप मिटला. मंगलाष्टकं चालूच. झोपू न देणारं फंक्शन तिनेच लिहिलं होतं आणि ते अतिशय उत्तम चाललं होतं. स्पीकरची वायर ओढावी, तर स्पीकरवाला ॲम्प्लिफायरच्या खोलीला कुलूप लावून परण्यात नाचायला गेला होता.

मागच्या रांगांना स्टेज दिसतच नव्हतं. त्यांनी 'सावधान' ऐकलं, अक्षता टाकल्या आणि पंगतीकडे धाव घेतली. खुद्द आप्पारावांनीही टाकल्या. ते बघून प्रतीक्षाला रडू आवरेना.

बसस्टँडवर रविकुमारने तेच 'सावधान' ऐकलं. आपलं लग्न आपल्यावाचून लागतंय हे कळताच तो घोड्यावरून उतरला आणि पळत सुटला. मागे त्याचे वडील पिराप्पा फेटा सावरत, त्यांच्यामागे मित्र, आणि सगळ्यात शेवटी, रिकामा, घोडा. गुरुजींनी बसलेल्या घशाने सगळं पुन्हा म्हटलं, आणि जिलबीचे चिकट हात परत अक्षतांसाठी वर झाले.

लग्न लागलं, तसे पिराप्पा तडक प्रतीक्षाकडे आले. वीरभद्रप्पांनी माफी मागण्यासाठी हात जोडले. आप्पारावांनी मान खाली घातली. प्रतीक्षा मनातल्या मनात बी.एड.च्या वर्गात जाऊन बसली.

"ह्याच्या थोरल्या भावाचा परण्या," पिराप्पांनी धापा टाकत सुरुवात केली, "दिवस मावळला तरी मांडवात आला नव्हता. हातापाया पडलो, पोरं ऐकंनात. आज कसा पळत आला? धाकट्याचं पुढच्या महिन्यात हाय. वीरभद्रप्पा, कार्यालय तुमचंच, पन ही मशीन पायजे."

वीरभद्रप्पांनी जोडलेले हात तसेच ठेवून मान डोलावली. आप्पाराव शेजारच्या पाहुण्याला आपली मुलगी दाखवू लागले. प्रतीक्षाने डोळे पुसले आणि भराभर कबूल करून टाकलं, की थांबवायचं तेवढं बाकी आहे, ते ती आजच लिहून देते.

"कामून?" पिराप्पा दचकले. "ते बटनच काढून टाक, माय. कुनीतरी दाबंल."