तुवालूत पॅनेल नाही

आमच्या शेजारचे हवालदार तात्या एका सकाळी कपाळाला गुलाल लावून पेढे वाटत आले. गावात कसलीच निवडणूक नव्हती. मी चकित होऊन विचारलं, तर म्हणाले, "तुवालूत एका बेटावरचं दोनी खासदार बिनविरोध आलं."

मला वाटलं, तुवालू पाटणकडचं एखादं गाव असेल. मोबाईलवर शोधलं तर पॅसिफिक महासागर निघाला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यात विषय राज्यशास्त्र. पेढा हातात धरून मी तसाच उभा राहिलो.

सैन्यातून परतल्यापासून तात्यांना हा एकच नाद. तिथल्या इंग्रजी बातम्या मी वाचून सांगायच्या, त्यांनी चहा पाजायचा. "तिथं पॅनेल न्हाई गड्या," हे त्यांचं पालुपद. तुवालूत पक्षच नाहीत, माणसं आपापल्या नावावर उभी राहतात, हे ते थांब्यावरच्या अनोळखी माणसालाही अडवून सांगत. निकाल ऐकला की मात्र विचारत, पडलेला आणि निवडून आलेला पुढं एकमेकांशी बोलतात का? ते बातमीत नसतं म्हटलं की माझ्यावरच चिडत. "मग लिवत्यात तरी काय?"

असं का विचारतात ते गावाला ठाऊक होतं. मागच्या ग्रामपंचायतीला दोन पॅनेलनी तात्यांना आणि त्यांच्या धाकट्या भावाला, आप्पांना, समोरासमोर उभं केलं. आप्पा निवडून आले. लोकांनी मिरवणूक मुद्दाम तात्यांच्या दारात थांबवून नाचवली. तेव्हापासून एका अंगणात राहून दोघांचं बोलणं बंद.

यंदा त्याच जागेसाठी पुन्हा दोघांचे अर्ज. शिवाय तात्यांच्या पॅनेलनं खबरदारी म्हणून माझ्या वडिलांचा डमी अर्ज भरलेला. तो शेवटच्या दिवशी मागं घ्यायचा होता.

त्या दिवशी दुपारी तात्यांनी मला मोटारसायकलवर बसवून मेढ्याला तहसील कचेरीत नेलं आणि पॅनेलला न सांगता स्वतःचाच अर्ज मागं घेतला. मी हबकलोच.

"आप्पा बिनविरोध येऊंदे," ते म्हणाले.

कारकून हसायला लागला. आप्पांनी सकाळीच अर्ज मागं घेतला होता.

तात्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मुदत संपली होती. उरला होता एकच अर्ज, माझ्या वडिलांचा. मी घरी फोन लावला. म्हैस व्यायला झाली म्हणून ते आलेच नव्हते. ग्रामसभेत दाराजवळ उभं राहून ऐकणारे माझे वडील बिनविरोध सदस्य झाले होते. मी ते त्यांना फोनवरच सांगितलं. ते म्हणाले, "आता रं?"

बाहेर आलो, तर समोरच्या टपरीवर आप्पा सकाळपासून बसून होते. तात्या निवडून आल्याचं ऐकूनच गावात जायचं, म्हणून थांबलेले. तात्या त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. दोघंही रस्त्याकडेच बघत होते.

"अर्ज का काढलास रं?"

"तुमी का काढला?"

तात्या माझ्याकडं वळले. "तू यष्टीनं ये," मला म्हणाले, आणि गळ्यातल्या टॉवेलनं मोटारसायकलची मागची सीट पुसायला लागले.