झाकण उघडे असल्याचे ठाऊक असणे

कायदा आभाळातून पडत नाही. त्यासाठी आधी कोणीतरी खड्ड्यात पडावे लागते. पडणारा माणूस कष्टाळू आणि फोटोत बरा दिसणारा असेल, तर कायदा लवकर होतो. (न दिसणारी माणसेही पडतात, पण त्याला नुसता अपघात म्हणतात.)

टेलरमास्तर फोटोत फार चांगले दिसत. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा रंग उजेडात बघावा म्हणून ते दुकानाच्या पायरीवरून खाली उतरले आणि गटाराच्या उघड्या तोंडात कमरेपर्यंत गेले. उजवा पाय मोडला. पँट त्यांनी हात उंच करून धरली होती, त्यामुळे तिला साधा डागही लागला नाही. गिऱ्हाईक तिसऱ्या दिवशी येऊन ती घेऊन गेले आणि पायाची चौकशी करायलाही विसरले नाही.

झाकण हरवलेले नव्हते. गटार साफ करणाऱ्यांनी ते काढून चार पावलांवरच्या भिंतीला टेकवून ठेवले होते आणि ते तिथेच उभे होते. लोखंडी, जड, उचलायला दोन माणसे लागतील असे.

"अहो, कोणातरी दोघांना हाक मारा आणि बसवून टाका एकदाचं," मास्तरांची बायको म्हणाली.

पण तोवर मोहिमेच्या बाई येऊन पोचल्या होत्या. बाई अतिशय तळमळीच्या. याआधी त्यांनी पतंगाचा मांजा, फुटपाथवरची कुत्री आणि कर्कश हॉर्न या तिन्ही विषयांवर शिक्षा वाढवून घेतलेल्या होत्या. त्यांनी वहिनींना प्रेमाने जवळ बसवले.

"वहिनी, आत्ता बसवलंत ना, तर हा एका झाकणाचा प्रश्न होऊन बसेल. आपल्याला व्यवस्था बदलायचीय."

व्यवस्था बदलायची म्हटल्यावर झाकणाला हात लावणे कोणालाच बरे दिसेना. मोर्चाला चार हजार माणसे आली. खड्ड्याभोवती गोल करून त्यांनी मेणबत्त्या लावल्या, आणि फलक ठेवायला जागा नव्हती म्हणून ते झाकणाला टेकवले. झाकण उचलायला दोन माणसे लागतात, हे वर सांगितलेच आहे.

पाय सव्वा महिन्यात जुळला. डॉक्टर प्लॅस्टर कापायला निघाले, तेव्हा बाईंनी हात जोडले. प्लॅस्टर हा मोहिमेचा चेहरा होता. चेहरा असा मधेच काढता येत नाही. मास्तरांचे शिलाईमशीन पायाने चालायचे, आणि प्लॅस्टरमधल्या पायाने फक्त सहानुभूती चालते. गिऱ्हाइके एकेक करून कोपऱ्यावरच्या दुकानाकडे वळली. शाळेच्या गणवेशांचे कामही गेले. मास्तर रात्री गल्ल्यातली चिल्लर मोजत बसायचे, पण माईक समोर आला की छाती फुगायची. खोटे कशाला बोला, आयुष्यभर दुसऱ्यांची मापे घेतलेल्या माणसाला कोणी आपले माप घेतेय याचा आनंद होतोच.

मोहिमेची घोषणाही मास्तरांच्याच तोंडून निघाली. "ज्यांना माहीत होतं, त्यांना आत टाका!" ती इतकी गाजली की पाळण्यातली पोरेही तिच्यावर झोपू लागली.

सरकार लोकांच्या भावनांबाबत हळवे असते. मसुदा ताबडतोब तयार झाला: उघडे झाकण, सात वर्षे, जामीन नाही. प्रश्न एवढाच उरला की आत कोणाला टाकायचे. खात्याला टाकता येईना, कारण खाते ही व्यक्ती नव्हे. अधिकाऱ्यांनी जे केले नाही, ते न करण्यामागे त्यांचा सद्हेतूच होता. ठेकेदाराची मुदत नेमकी आदल्या दिवशी संपली होती. कामगार कोण होते हे ठेकेदाराला आठवत नव्हते. अशा सर्व रास्त सवलती वजा जाता मसुद्यात एकच वर्ग शिल्लक राहिला: झाकण उघडे असल्याचे ठाऊक असूनही ते बंद न करणारी व्यक्ती. लोकांची मागणीही शब्दशः हीच होती. लोकशाहीत एवढे तंतोतंत ऐकले जाण्याचा योग क्वचितच येतो. कायदा एका दुपारी, बाके वाजवून, एकमताने मंजूर झाला. मास्तर प्रेक्षकांच्या सज्जात प्लॅस्टर पुढे करून बसले होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

दोन दिवसांनी फौजदार दुकानात आले.

"मास्तर, झाकण उघडं आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"साहेब, मीच तर पडलो त्यात!"

"पडायच्या आधी नसेल माहीत. नंतर तर पक्कं माहीत होतं ना? सतरा मुलाखती आहेत तुमच्या."

"पण तेव्हा कायदा नव्हता!"

"म्हणून तर मागचं धरतच नाही. कायदा मंजूर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीचं बोला. उघडंच होतं ना?"

मास्तरांनी भिंतीकडे पाहिले. होते खरे.

कोठडीत नेल्यावर, आत काही लपवले असेल म्हणून पोलिसांनी प्लॅस्टर कापून काढले. ज्याच्यासाठी मास्तर अडीच महिने झुरत होते, ते काम पाच मिनिटांत झाले. बाईंनी पत्रक काढले की कायद्यापुढे सगळे समान आहेत, आणि झाकणाबाबत आपल्याला व्यक्तिशः काही ठाऊक नव्हते, आपण केवळ भूमिका मांडत होतो. सध्या त्या निष्काळजीपणे उभ्या केलेल्या शिड्यांविरुद्ध मोहीम चालवतात आणि बऱ्या दिसणाऱ्या रंगाऱ्याच्या शोधात आहेत.

मास्तरांच्या बायकोला रडू आले नाही, संताप आला. तिने पदर खोचला आणि झाकणाला हात घातला. खड्ड्यापाशी बसवलेला हवालदार ओरडला, "वहिनी, पुरावा आहे तो! हलवाल तर तुम्हीही आत जाल." मग ती मशीनवर बसली आणि अर्धवट राहिलेला कोट पुरा करू लागली. मधूनमधून पायरीवर येऊन ती जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगते, "जपून हो, खड्डा आहे." पूर्वी लोक थांबून आभार मानायचे. आता कानांवर हात ठेवून, दुसरीकडे बघत, भराभर पुढे जातात. माहीत करून घेऊन सात वर्षे कोण भोगणार? या आठवड्यात तिघे पडले. तिघेही निर्दोष आहेत.

हवालदार दुपारी तासभर जेवायला जातो. तेवढ्या वेळात झाकण सहज बसेल. दोन माणसे लागतात. एक ती आहेच. आणि तुम्ही इथवर वाचत आला आहात, म्हणजे झाकण उघडे आहे, ते कुठे टेकवलेले आहे, आणि किती माणसे कमी आहेत, हे सगळे आता तुम्हालाही ठाऊक आहे. कोणी विचारलेच तर, आपण पहिल्याच परिच्छेदात हसून पान उलटले होते, असे सांगा. बाकी सगळे तेच सांगतात.