मोठ्या बाईंच्या टेबलाखाली

दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातलं औषधांचं कपाट सकाळपासून उघडत नव्हतं, कारण त्याची अर्धी चावी कुलपात होती आणि अर्धी डॉक्टरांच्या हातात. म्हणून कुलूपवाला कपाटासमोर मांडी ठोकून बसला होता. त्याच्या मागे खुर्चीत एक शिंपी गळ्याला निळा कागद अडकवून तोंड वासून पडला होता आणि डॉक्टर त्याचा जबडा बधिर व्हायची वाट बघत होते. तिघांचीही मुलं एकाच शाळेत होती, त्यामुळे विषयाला तोटा नव्हता.

"तुमची कुलपं बसल्यापासून जिवाला स्वस्थता आहे बघा," डॉक्टर म्हणाले.

कुलूपवाल्याने मान डोलावली, पण नम्रपणाने नव्हे. महिन्यापूर्वी शाळेच्या जिन्यावर दोन मुलांची जुंपली होती. एकाने दुसऱ्याला ढकललं आणि दुसऱ्याचा हात मोडला. मोडलेला हात डॉक्टरांच्या मुलाचा. मग पालकांची सभा झाली, तीन तास सगळे एकदम बोलले आणि शेवटी ठरलं, की प्रत्येक दाराला पोलादी कुलूप हवं. कार्यालयात एक बटण दाबलं, की सगळी दारं आतून बंद. ते काम कुलूपवाल्याने पंधरा दिवसांत उरकलं होतं आणि त्यानंतर भेटेल त्याला ऐकवलं होतं, "बाहेरून उघडायची सोयच ठेवलेली नाही. उद्या मी स्वतः गेलो ना, तरी हात हलवत परत येईन."

चावीचा तुकडा काढायला त्याने पिशवीत हात घातला. लांब पेचकस सापडेना. हातभर लांबीचा, काळ्या मुठीचा, वडिलांच्या वेळचा पेचकस. त्याने पिशवी उलटी केली. पकड, कानस, तारा सगळं होतं. पेचकस तेवढा नव्हता.

"कालपर्यंत तर होता," तो पुटपुटला, आणि तेवढ्यात तिघांचेही फोन एकदम वाजले.

'शाळेत लॉकडाउन लागू केला आहे. एका विद्यार्थ्याजवळ टोकदार वस्तू दिसली आहे. सर्व दारे आतून बंद आहेत. मुले सुरक्षित आहेत. पालकांनी कृपया शाळेकडे येऊ नये.'

शेवटचं वाक्य वाचून होईपर्यंत तिघे जिना उतरलेही होते. शिंप्याच्या गळ्यातला निळा कागद तसाच फडफडत होता.

फाटकापाशी शे-दीडशे पालक आधीच जमले होते. 'येऊ नये' असं सांगितल्यावर न येणारा पालक अजून जन्माला यायचा आहे. पोलिसांची गाडी उभी होती आणि एक फौजदार फोन कानाला लावून सगळ्यांना मागे सारत होते. बंद खिडक्यांकडे बघून एक बाई रडत होती, आणि तिला रडू नका असं सांगणारी दुसरी बाई तिच्यापेक्षा मोठ्याने रडत होती.

"काय आहे हो त्या पोराजवळ?" कुणीतरी शिंप्याचा हात धरून विचारलं.

शिंपी मुळात शांत डोक्याचा माणूस. घाबरू नका, एखादी पेन्सिल असेल, एवढंच त्याला सांगायचं होतं. पण त्याचा अर्धा जबडा अजून दवाखान्यातच होता. "पिश्शुल," तो म्हणाला. "पिश्शुल अशेल."

"पिस्तूल!"

शिंप्याने दोन्ही हात हलवून नाही नाही केलं.

"दोन आहेत म्हणतोय!"

बातमी फाटकावरून भिंतीच्या कडेकडेने मागच्या मैदानापर्यंत गेली. तिथून परत आली तेव्हा मुलं चार झाली होती आणि त्यांना बाहेरून कुणीतरी पढवलेलं होतं. शिंपी जीव तोडून "पिश्शुल, पिश्शुल" करत राहिला. लोक म्हणाले, "बिचाऱ्याने धसका घेतलाय, वाचा बसलीय."

मग कुणालातरी कुलूपवाला दिसला.

"अहो, हे बघा! यांनीच बसवलीत कुलपं! उघडा हो!"

"चावी कुठाय?" फौजदारांनी विचारलं.

"बाहेरून चावी नाही, साहेब. तसंच ठरलं होतं सभेत."

"असं कुणी ठरवलं?"

शे-दीडशे पालकांनी एकमेकांकडे बघितलं. कुणालाच आठवेना.

फौजदारांनी कपाळाला हात लावला. कार्यालयात फिरवून सगळी दारं पुन्हा उघडायची किल्ली मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे होती, आणि त्या स्वतःच्या खोलीत बंद होत्या. कॅमेऱ्यात टोकदार वस्तू घेतलेलं मूल बघून कारकुनाने बटण दाबलं होतं. पण पडद्यावर फक्त हात दिसला होता, चेहरा नाही.

"चेहरा कशाला बघायला पाहिजे?" डॉक्टर मोठ्याने म्हणाले. "जिन्यावर ढकलणारा तोच असणार. दुसरं कोण?"

गर्दीतून 'तोच, तोच' असा आवाज उठला. त्या मुलाची आई जरा लांब, भिंतीला टेकून उभी होती. ती बस चालवायची. कामावरून तशीच गणवेशात आली होती. तिच्या चहूबाजूंनी हातभर जागा मोकळी होती. एवढ्या दाटीतही तिला कुणी खेटलं नव्हतं. तिने सगळं ऐकलं, आणि ती डोळे तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीवर ठेवून उभी राहिली.

कुलूपवाल्याचा फोन वाजला. बायको होती. ती नर्स. वॉर्डाच्या कोपऱ्यात जाऊन दबक्या आवाजात बोलत होती.

"खारू कुठाय?"

"आत आहे. काळजी करू नकोस, कुलपं माझी आहेत."

"म्हणूनच काळजी वाटतेय. आणि हे बघ, पोरगी सकाळी तुझ्या पिशवीत काय उचकत होती?"

कुलूपवाल्याला न सापडलेला पेचकस आठवला. हातभर लांब, टोकदार, काळ्या मुठीचा. त्याने फोन खाली केला. त्याची खारू, सातवीतली, दोन वेण्यांची, मुंगी चिरडली तरी हळहळणारी. पण जिन्यावरच्या त्या पोराबद्दलही त्याच्या आईला असंच वाटत असेल, असा विचार महिन्याभरात पहिल्यांदाच त्याच्या मनात आला.

गप्प बसणं सोपं होतं. डॉक्टरांचा आवाज चढलेलाच होता. "त्याला त्याच दिवशी शाळेतून काढायला हवं होतं," ते म्हणत होते. कुलूपवाल्याने दोनदा घसा खाकरला. तिसऱ्यांदा तो फौजदारांपाशी गेला.

"साहेब, ते पिस्तूल नाही. पेचकस आहे. माझा आहे." मग म्हणाला, "आणि मूलही बहुतेक माझंच आहे."

कुलूपवाल्याच्या आजूबाजूचे लोक नकळत एकेक पाऊल मागे सरले. बघता बघता त्याच्याभोवतीही हातभर मोकळी जागा झाली.

बस चालवणारी बाई भिंतीपासून निघाली आणि त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. "पहिले दोन दिवस जड जातात," ती हळूच म्हणाली. "मग आपण लोकांच्या पायांकडे बघायला शिकतो."

फौजदारांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला. पलीकडून मोठ्या बाई कुजबुजत होत्या.

"बाई, मी कुलूपवाला. तो मुलगा नाही. मुलगी असेल. सातवीतली, माझी. दोन वेण्या, हनुवटीवर तीळ."

"अहो, ती माझ्याजवळच आहे," बाई म्हणाल्या. "टेबलाखाली. भोंगा झाला तेव्हा दारातच उभी होती, मी हात धरून आत ओढली. पाऊण तास झाला, तिला धीर देतेय." मग जरा थांबून, "म्हणजे, तीच मला देतेय. काय गं, तुझ्याकडे काही आहे का?"

काहीतरी खणकन फरशीवर पडलं.

"अगं बाई!" मोठ्या बाई म्हणाल्या.

"बाबा, रागावू नकोस ना," खारूचा आवाज आला. "बाईंच्या दाराचं कुलूप अडकतं. बाई म्हणाल्या, बाबांना सांग. पण तू सगळ्यांना सांगत होतास ना, किती भारी कुलपं आहेत म्हणून. तुला वाईट वाटलं असतं. म्हटलं, मधल्या सुट्टीत आपणच नीट करू."

"मग आत गेल्यावर सांगायचं ना!"

"बाई म्हणाल्या, शाळेत कुणीतरी हत्यार घेऊन फिरतंय. मला काय माहीत मीच फिरतेय? मी पेचकस पाठीमागे घट्ट धरून बसले. कुणी आलं असतं तर बाईंना कोण सांभाळणार होतं?"

फौजदारांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

"बरं, आता दार उघडा नि किल्ली फिरवा," ते शेवटी म्हणाले.

पलीकडून खटखट ऐकू आली. मग पुन्हा खटखट. "उघडत नाहीये," मोठ्या बाई म्हणाल्या. "सांगितलं ना, अडकतं."

दीडशे डोळ्यांच्या जोड्या कुलूपवाल्याकडे वळल्या. इतक्या दिवसांची बढाई घामावाटे निथळत असताना तो फोनजवळ वाकला. "खारू, नीट ऐक. पट्टीच्या खालचा पेच..."

"डावीकडे अर्धा वेढा, मग कुलपाची जीभ दाबायची. माहितीय मला. बाई, जरा सरकता?"

कट् असा आवाज झाला आणि अख्ख्या फाटकाने श्वास सोडला.

दहा मिनिटांत शाळेची सगळी दारं उघडली. मुलं बाहेर आली ती भेदरलेली कमी आणि भुकेलेली जास्त होती. जिन्यावर ढकलणारा मुलगा बाहेर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर दोन दप्तरं होती. दुसरं दप्तर डॉक्टरांच्या मुलाचं होतं. हात गळ्यात असल्यामुळे त्याला ते पेलत नव्हतं. महिनाभर हे असंच चालू होतं, असं दोघांनी सांगितलं. घरी कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टर बस चालवणाऱ्या बाईसमोर जाऊन उभे राहिले. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. रोज दुसऱ्यांची तोंडं उघडणाऱ्या माणसाला आपलं कसं वापरावं ते सुचेना.

"राहू द्या," ती म्हणाली. "उद्या सभेला या, आणि माझ्या शेजारी बसा. तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी सभा झाली. डॉक्टर खरोखरच तिच्या शेजारी बसले. शिंपी सगळ्यांआधी उठला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मी पेन्सिल म्हणालो होतो!" मग दारात तपासणीचं यंत्र लावावं, दप्तरं पारदर्शक असावीत, भिंत उंच करावी, अशा सूचना सुरू झाल्या. कुलूपवाला पहिल्यांदाच गप्प बसला होता. मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पाऊण तास टेबलाखाली बसून मला एक कळलं. मी आजवर मुलांना विचारलंच नव्हतं. आज सकाळी विचारलं. कशाची भीती वाटते, ते चिठ्ठीवर लिहा म्हटलं."

त्यांनी चिठ्ठ्या वाचल्या. मधल्या सुट्टीत जिन्यावर एखाद्या बाई उभ्या असाव्यात. ढकलणाऱ्याला कुणीतरी 'का' म्हणून विचारावं. आणि एकेचाळीस चिठ्ठ्यांवर, वेगवेगळ्या अक्षरांत, एकच गोष्ट होती: मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही. मोठ्या मुली बाहेरून दार ढकलतात नि हसतात.

कुलूपवाल्याने खाली बघितलं. पंधरा दिवस तो त्या दारावरून येत-जात होता. ते दार यादीत नव्हतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर तो कड्या घेऊन गेला. साध्याच, बोटाने सरकणाऱ्या. खारू पेच हातात देत होती. पहिली कडी त्याने मापात, आपल्या छातीच्या उंचीवर बसवली, सरकवून बघितली आणि समाधानाने मागे सरला.

खारूने मान तिरकी करून बघितलं. "बाबा, पहिलीतल्या मुलींचा हात पोचणार नाही."

त्याने एकदा कडीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग चारही पेच पुन्हा काढले आणि कडी दोन वीत खाली लावायला जमिनीवर गुडघे टेकले.