नानांच्या पायाला काय झालं?

नाना शिंप्यांचे पाय कशाने वाकडे झाले, हे मला तीनदा कळलं आणि तिन्ही वेळा वेगळं. मला म्हणाले, "वैनी, ल्हानपनी बैल बुजला, गाडीचं चाक गेलं पायांवरनं." आमच्या ह्यांना सांगितलं, विहिरीत पडलो. आणि केडगावच्या स्टँडवर एका कंडक्टरला तर चक्क कुस्ती सांगितली! कुस्ती! दोन पावलं टाकली की "आई गं" म्हणून भिंत धरणारा माणूस.

दोन्ही पाय आत वळलेले, चालताना सगळा भार घोट्याच्या कडेवर. म्हणून शिलाईचं मशीनही पायाचं नाही, हाताचं. दुकान घरापासून चार दारं पुढं, पण वाटेत आमच्या ओट्यावर मुक्काम ठरलेला. "जरा टेकतो, वैनी. आज पाय लई बोलतेत." काय बोलतात विचारलं तर म्हणायचे, "बायामान्सासमोर सांगन्याजोगं न्हाई."

"नाना, एकदा काय ते खरं सांगा," मी वैतागायची. "बैल की विहीर?"

"बैलच इहिरीत पडला म्हना," म्हणून हसायचे. माझ्या डोक्याचा पार भुगा.

दुष्काळातले, रेशनवरची लाल मिलो ज्वारी खायचे ते दिवस. नानांची कमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नानांनी उरल्यासुरल्या कापडांची डझनभर टोपडी-झबली शिवून ठेवली. पहाटे कमलला मुलगी झाली, आणि हा बाबा सकाळपासून आमच्या ओट्यावर! घराकडे बघेना. चहा दिला तो तसाच निवला.

माझं टाळकंच सरकलं. "मुलगी झाली म्हणून तोंड पाडून बसलात होय? शोभतं का, नाना?"

"तसं न्हाई वो."

"मग उठा!"

"पाय निघत न्हाई, वैनी."

दुखत असतील म्हणून मी उठवायला दंड धरला, तर त्यांनी ओट्याची कड घट्ट धरली.

"तुमी बघून या," ते हळूच म्हणाले. "दुपटं काढून लेकराचे पाय बघा. कमलला कळू दिऊ नका."

मला काही उमगेना. "तिच्या पायांना काय धाड भरलीय?"

"बैल न्हाई न् इहीर न्हाई. जल्मापास्नं असंच हाय. माझ्या बापाचंबी हुतं. घराण्यात हाय म्हनलं की पोरीची सोयरीक झाली नसती, म्हनून समद्यांना अपघात सांगत गेलो. कुनाला कंचा सांगितला, ते माझं मलाच ध्यानात ऱ्हाईना." मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आता लेकरात उतरलं असलं तर?"

मी गेले. नात बघण्याच्या निमित्ताने दुपटं सोडलं. ओट्यावर परत येऊन म्हटलं, "सरळ आहेत."

"दोन्ही?"

"दोन्ही. या, स्वतः बघा."

नाना घरात गेले, बाजेपाशी खाली बसले आणि ते इवलेसे तळवे त्यांनी ओठांशी नेले. पोरीने फाडकन तोंडावर लाथ हाणली.

"आनखी मार, बाई," नाना म्हणाले, "चांगली जोरात मार," आणि ढसाढसा रडायला लागले. कमल माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "काही नाही गं," मी म्हटलं, "आज त्यांचे पाय फार बोलतायत."