प्रश्न क्रमांक चौदा

ज्या गोष्टीची नोंद नाही ती गोष्ट अस्तित्वात नाही, हे सत्य विज्ञानाला अजून नीट पटलेलं नाही. प्रशासनाला ते फार पूर्वीच पटलं आहे.

१९९४ साली एड्सची साथ जगभर पसरत होती. खामगावकडच्या ज्या गावात मी सर्वेक्षक म्हणून गेलो तिथे ती पोचलेली नव्हती. हे मी तिथे पोचण्याआधीच ठरलं होतं. (माझं शिक्षण बी.एस्सी., सूक्ष्मजीवशास्त्र. कॉलेजात आम्हाला निरीक्षण आधी आणि निष्कर्ष नंतर असं शिकवत. त्यात वेळ फार जातो.)

प्रश्नावलीत बावीस प्रश्न होते. चौदावा असा : आपण पुरुषांशी शरीरसंबंध ठेवता का, ठेवत असल्यास गेल्या वर्षभरात किती जणांशी, त्या वेळी निरोध वापरता का? उत्तर अत्यंत गोपनीय होतं. गोपनीयता पाळली गेली याला पुरावा हवा, म्हणून प्रत्येक उत्तर दोन पंचांसमक्ष घेऊन त्यावर त्यांच्या सह्या घ्यायच्या, ही सुधारणा आमच्या कार्यालयाने स्वतःच्या बुद्धीने केली होती.

पहिले पंच पंजाबराव. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि त्यांनाही. दुसरा निवृत्ती, तिशीतला, अक्षर सुरेख. चार महिन्यांपासून त्याला ताप येत-जात होता आणि अंगावरचा सदरा दिवसेंदिवस मोठा होत चालला होता. शेतात जाणं बंद, म्हणजे पंच व्हायला मोकळा. बायको बेबीताई त्याला सकाळी शाळेच्या ओट्यावर आणून बसवायची आणि त्याच्या खांद्यावर शाल टाकून कामाला जायची.

त्याच ओट्यावर, रांगेत उभं करून, मी चार दिवसांत चारशे सात पुरुषांना चौदावा प्रश्न विचारला. चारशे सहा जणांनी 'नाही' सांगितलं. उरले किसनराव, वय एकाहत्तर, ऐकू कमी. ते म्हणाले, "योजना हाय का? मंग माहं नाव लिहा." लिहिलं. पंजाबरावांच्या सूचनेवरून खोडलं. एकूण शून्य. त्या प्रमाणात निरोधाची शून्य पाकिटं आणि माहितीची शून्य पत्रकं मंजूर झाली. टंचाईची एकही तक्रार आली नाही.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी हापशीवर मी हात धुवत असताना सहदेव शिंपी मागे येऊन उभा राहिला. एकोणीस दिवसांनी त्याचं सोनाळ्याच्या कोकिळाशी लग्न होतं. त्याने सांगितलं, की रांगेत आपण 'नाही' म्हणालो ते खोटं होतं. एकच माणूस, दोन वर्षं. त्याने नावही सांगितलं : निवृत्ती. त्याचा ताप उतरत नाही, तेव्हा लग्नाआधी आपलं आणि त्याचं, दोघांचंही रक्त तपासून मिळावं.

"माह्यामुळे त्या पोरीले काही झालं तं?" तो म्हणाला.

मी त्याला पद्धत समजावली. मोफत तपासणी फक्त जोखमीच्या गटातल्यांची होते. तो गट या गावात नाही, कारण त्याने सकाळी 'नाही' म्हटलं होतं. नोंद बदलायची तर त्याच पंचांसमोर बदलावी लागेल. (चार लोकांत बोललेलं खोटं चार लोकांतच मागे घ्यावं, यात गैर काय?)

तो खरोखर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी, बाप उकंडराव रांगेत उभे असताना. "मले रगत तपासाचं हाय," तो म्हणाला आणि निवृत्तीकडे पाहत राहिला. "अन् मले एकट्यालेच नाई."

निवृत्ती पेनचं टोपण लावत होता. ते बराच वेळ लागत नव्हतं.

अनुभवी माणसाचं मोल अशा वेळी कळतं. पंजाबराव हसले. "हायवेच्या ढाब्यावर गेला असशील बे, त्या बायांकडे. लाजतं काऊन? साहेब, डायवर लिहा याले."

उकंडरावांचा अडकलेला श्वास मोकळा झाला. रांगेतल्या दोघांनी सहदेवच्या पाठीवर थाप मारली. ट्रकचालक हा मान्यताप्राप्त गट असल्याने तपासणीचा प्रश्न सुटला. (सहदेवकडे एक सायकल आणि एक शिलाई मशीन होतं. दोन्ही पायांनीच चालतात.) 'एकट्यालेच नाई' यातले बाकीचे म्हणजे ढाब्यावरच्या बाया, असं ठरलं आणि त्यांचे पत्ते नसल्याने रकाना रिकामा सोडला. निवृत्तीने सही केली. सही थोडी तिरपी आली. कार्यालयाने ती चालवून घेतली.

हळदीच्या तीन दिवस आधी बंद लिफाफा आला. सहदेवने तो एकट्याने वाचला, सायकल काढून सोनाळ्याला गेला आणि लग्नाला स्वतः नकार देऊन आला. डायवरच्या धंद्यात संसार व्हायचा नाही, असं गावाने ठरवलं. चौदाव्या प्रश्नाचं उत्तर शून्यच राहिलं.

लिफाफ्यात काय होतं, हे ऐकायला आपण आता थोडे पुढे सरकला असाल. अहवाल गोपनीय आहे. ही हकीकत मी आजवर पुष्कळांना सांगितली, आणि प्रत्येकाने तेवढंच विचारलं. निवृत्तीचं रक्त कोणी तपासलं का, बेबीताईला कोणी काही सांगितलं का, हे एकानेही विचारलेलं नाही. आपणही नाही. त्यामुळे सर्वेक्षणाच्या कामाला आपण पात्र आहात. अर्ज साध्या कागदावर करावा. शिक्षणाची अट नाही. सही मात्र स्वच्छ हवी. त्या गावात पंचाची एक जागा रिकामी आहे.